तू कोठे आहेस? तुझा भाऊ कोठे आहे?

सामान्य काळातील बारावा रविवार (वर्ष अ)
वाचने : यिर्मया २०:१०-१३, मत्तय १०:२६-३३



उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही युवकांना एक चित्रपट दाखवला. भिंतीवर पांढरी चादर लावली होती, दोनदा वीज गेली, आणि लहान मुलांसमोर नकोत अशी काही दृश्ये आम्ही पुढे सरकवली. चित्रपट जर्मन आणि रशियन भाषेत, खाली इंग्रजी अक्षरे. त्यामुळे मधूनमधून थांबवून आम्हीच मराठीत सांगत होतो. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मुले गप्प बसून राहिली. मग अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "फादर, हा पोरगा खोटं बोलून जगला. मग ते पाप झालं का?"

त्या रात्री आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. आजचे शुभवर्तमान वाचताना तो प्रश्न पुन्हा समोर आला. प्रभू येशू आज शिष्यांना सांगतो की झाकलेले काहीही झाकलेले राहणार नाही, माणसांना भिऊ नका, आणि जो मला लोकांसमोर नाकारील त्याला मीही स्वर्गीय पित्यासमोर नाकारीन. शब्द कडक आहेत. लपून जगलेल्या माणसाला हे शब्द कसे ऐकू येत असतील? म्हणून आजचे चिंतन त्या मुलाच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजावे.

चित्रपटाचे नाव 'युरोपा युरोपा'. पोलंडच्या दिग्दर्शिका आग्नियेश्का होलांड यांनी तो १९९० साली केला. कथा खरी आहे. सालोमन पेरेल हा मुलगा १९२५ साली जर्मनीतल्या पायने गावी एका यहुदी घरात जन्मला. हिटलरच्या राज्यात यहुद्यांचा छळ सुरू झाला तेव्हा हे कुटुंब पोलंडमधील वूच शहरात गेले. १९३९ साली जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. आईबापांनी सालोमनला थोरल्या भावाबरोबर पूर्वेकडे पिटाळले. निरोप देताना बाप म्हणाला, आपण कोण आहोत ते विसरू नकोस. आई म्हणाली, तू जगायचे आहेस. चौदा वर्षांच्या पोराला मिळालेल्या या दोन आज्ञा, आणि पुढे त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या राहणार होत्या.

रशियाच्या ताब्यातील ग्रोद्नो गावच्या अनाथाश्रमात तो राहिला. १९४१ साली जर्मनांनी रशियावर स्वारी केली आणि तो मिन्स्कजवळ त्यांच्या हाती सापडला. यहुदी बाजूला काढले जात होते आणि पलीकडच्या जंगलात मारले जात होते. सालोमनने आपले कागद मातीत गाडले. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, मी यहुदी नाही, मी जर्मन वंशाचा आहे. शिपायांचा विश्वास बसला. त्यांनी त्याला दुभाष्या म्हणून ठेवून घेतले आणि पुढे ब्राउनश्वाइग येथे हिटलरच्या युवक संघटनेच्या वसतिगृह-शाळेत पाठवले. तेथे वर्गात शिकवीत की यहुदी माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. वर्गात यहुदी मुलगा बसलेला होता आणि कोणालाही ओळखू आला नाही. पण आठव्या दिवशी झालेल्या सुंतेची खूण अंगावर होती. रोजची आंघोळ म्हणजे रोजचे मरण होते.

येथे क्षणभर थांबू या. आठव्या दिवशी ती खूण आणखी एका बाळाच्या अंगावर झाली होती. लूकच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या ओवीत ते आहे. त्या बाळाचे नाव येशू. १९४२ साली युरोपात मरिया, योसेफ आणि बाळ येशू असते तर त्यांच्या कपड्यांवर पिवळा तारा शिवला गेला असता आणि त्यांनाही त्याच आगगाडीत कोंबले असते. सुमारे साठ लाख यहुदी त्या काळात मारले गेले. त्यांत सालोमनचे आईवडील आणि बहीण होती. मारणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेले लोक होते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी दबक्या आवाजात नव्हे, स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता त्या मुलाचा प्रश्न. सालोमन खोटे बोलला. पाप झाले का?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा या प्रश्नावर आठवडाभर वाद चालला होता. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली एका निबंधात लिहिले, की खुनी माणूस दारात येऊन 'तुझा मित्र आत आहे का' असे विचारत असला तरी खोटे बोलण्याचा हक्क तुला नाही. संत ऑगस्टिनही खोटे बोलण्याला कोठेच परवानगी देत नाहीत. पण ते एक गोष्ट सांगतात. त्यांच्याच तागास्ते गावी पूर्वी फिर्मुस नावाचे महागुरू होते. त्यांनी एका माणसाला लपवले होते. बादशहाचे शिपाई आले. फिर्मुस म्हणाले, मी खोटे बोलणार नाही आणि माणूसही देणार नाही. त्यांनी मार खाल्ला, हाल सोसले, पण दोन्ही शब्द पाळले. शेवटी बादशहाने त्या लपलेल्या माणसालाही माफ केले. फार थोर गोष्ट आहे. मात्र तिच्यात बोलणारा आपल्या जिवावर उदार झालेला प्रौढ महागुरू आहे. सोळा वर्षांच्या पोराकडून आपण तेच मागायचे का?

पवित्र शास्त्र पाहा. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. फारोने हुकूम दिला होता की इब्री मुलगे जन्मताच मारा. सुइणींनी मारले नाहीत, आणि विचारणा झाली तेव्हा फारोला थाप मारली. देवाने त्यांचे भले केले असे शास्त्र सांगते. राहाबेने हेरांना छपरावर लपवले आणि शिपायांना चुकीची वाट दाखवली. तिचे नाव इब्री लोकांस पत्रात विश्वासवीरांच्या यादीत आहे. एस्तेर राणीने आपले कुळ राजवाड्यात बरीच वर्षे सांगितले नाही, कारण मर्दखयाने तसे बजावले होते. आपल्या ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही, क्रमांक २४८९ मध्ये, म्हणते की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणीही बांधलेला नाही. मारण्यासाठी जात विचारणाऱ्याला उत्तराचा अधिकार नसतो. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको असे सांगते. सालोमनने कोणाविरुद्ध साक्ष दिली? त्याने फक्त श्वास राखला.

म्हणून त्या मुलाला आमचे उत्तर असे : बाळा, तो जगला यात त्याचे पाप शोधू नकोस. ज्यांनी सोळा वर्षांच्या पोराला आपले नाव मातीत गाडायला लावले, ते पाप त्यांच्या खात्यावर आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण सालोमनवर अन्याय करू. तो स्वतः म्हणे की त्या शाळेने घडवलेला हिटलरचा पोरगा माझ्या आत पूर्ण मेलाच नाही. ज्या मुखवट्याने जीव वाचवला तो चेहऱ्याला चिकटला. १९४८ साली तो इस्राएलला गेला, संसार केला, आणि सुमारे चाळीस वर्षे या सगळ्याबद्दल गप्प राहिला. मग त्याने पुस्तक लिहिले आणि म्हातारपणी जर्मनीतल्या शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलत राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत तो वारला. लपणे जीव वाचवते, पण फुकट वाचवत नाही. पेत्राला विचारा. मुख्य याजकाच्या अंगणात त्याच्या बोलीवरून लोकांनी ओळखले की हा गालीली आहे, आणि त्याने तीनदा नाकारले. कोंबडा आरवला आणि तो मोठ्याने रडला. आज 'जो मला नाकारील' असे कडक बोलणारा प्रभू पुढे तळ्याकाठी त्याच पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि मेंढरे त्याच्याच हाती देतो. पहिले वाक्य दुसऱ्याशिवाय वाचू नये.

बंधू-भगिनींनो, कोणी म्हणेल, फादर, हे सगळे दूरच्या युरोपातले. पिंपळवंडीत आम्हाला त्याचे काय? म्हणून आता जवळची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आमची मान खाली जाते.

आपल्या जुन्नरहून निजामशाहीची सुरुवात झाली हे शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे. मलिक अहमद येथूनच उठला आणि त्याने पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसवले. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशाह. या बुऱ्हाणशहाचा एक मित्र आणि वैद्य होता, गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज माणूस, सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला. १५३४ साली तो गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, चौतीस वर्षे, या भूमीत राहिला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेले त्याचे पुस्तक भारतातल्या औषधी आणि मसाल्यांवर आहे. आले, मिरी, हळद, चिंच, आंबा, फणस, नारळ, धोतरा, अफू अशा आपल्या परसातल्या आणि बाजारातल्या वस्तू त्याने युरोपला नीट समजावून सांगितल्या. येथल्या वैद्य-हकिमांना तो विचारी आणि त्यांचे म्हणणे मानाने नोंदवी. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन आजही वैद्यकाच्या इतिहासात सांगतात.

हा गार्सिया यहुदी घरातला होता. १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांना हाकलले तेव्हा त्याचे आईबाप पोर्तुगालला आले. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने यहुद्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. अशा लोकांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. बाहेर मिस्सा, आत दार लावून शब्बाथ. गार्सियाने आपल्या पुस्तकात अनेक वनस्पती उघड केल्या, पण स्वतःचे मूळ कोठेही उघड केले नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. ते सुरू करावे असे पत्र संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ साली राजाला लिहिले होते. त्यांचा अवशेष पाहायला आपण जुन्या गोव्याला बस करून जातो. ज्या संताच्या गरिबांवरील प्रेमाने आपण भारावतो, त्याच्या हातून तेही पत्र लिहिले गेले. संत झाले म्हणून काळाच्या चुका चुकत नाहीत.

गार्सिया १५६८ साली वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारीना पकडली गेली. तिच्या आणि नातलगांच्या चौकशीतून घरातले गुपित बाहेर काढण्यात आले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात खांबाला बांधून जाळले. एवढ्याने भागले नाही. १५८० साली धर्मन्यायालयाने मेलेल्या गार्सियावर निकाल दिला, त्याची हाडे थडग्यातून उकरली आणि जाळली. हयातभर लपलेला माणूस मातीतही लपू शकला नाही. घरात तुळस किंवा जुनी रीत जपणाऱ्या कितीतरी नवख्रिस्ती कोकणी कुटुंबांचीही याच न्यायालयाने अशीच चौकशी केली. १८१२ साली ते कायमचे बंद झाले. आज पणजीत चर्चसमोरच्या बागेला गार्सियाचे नाव आहे. कधी गेलात तर त्या बागेत बसून एक प्रार्थना करा.

हे आम्ही का सांगतो? नाझींच्या गोष्टीत आपण आपोआप सालोमनच्या बाजूला बसतो. चित्रपट पाहताना आपल्यापैकी प्रत्येकजण यहुदी असतो. पण गोव्याच्या गोष्टीत खांब रोवणाऱ्यांच्या हातात आपलाच क्रूस होता. आजच्या पहिल्या वाचनात यिर्मया सांगतो की चहूकडे कुजबुज आहे आणि जवळचे मित्रच आपण पडण्याची वाट पाहत आहेत. यिर्मयाचे शब्द कातारीनाच्या तोंडी घालून पाहा. मग ती कुजबुज करणारे कोण होते?

१२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवाकडे उघड क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती आणि यहुदी लोकांविरुद्धची पापे त्यांत होती. दोन आठवड्यांनी ते यरुशलेमच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि क्षमेच्या प्रार्थनेची चिठ्ठी दगडांच्या फटीत ठेवून आले. म्हातारा, थरथरत्या हातांचा पोप. त्यांच्या आधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात यहुद्यांचा द्वेष धिक्कारला होता. गुन्हा कबूल केल्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही. पापनिवेदनाला गुडघे टेकणारा माणूस कधी लहान होत नाही.

आता दुसरे चित्र पाहा, तेही आपल्याच मुलखातले. आपल्या घाटमाथ्यावरून नाणेघाट उतरले की कोकण. तेथे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. मुलांची सुंता करीत, खवले असलेलीच मासळी खात, आणि बोलत मराठी. गावावरून आडनावे घेतली, किहीमकर, दिवेकर, रोहेकर. एकोणिसाव्या शतकात तर त्यांनी शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. १७९६ साली मुंबईत त्यांनी पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुण्यात १८६७ सालचे बगदादी यहुद्यांचे लाल देऊळ तर सगळ्यांना माहीत आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. पण छळ झाला म्हणून गेले असे ते म्हणत नाहीत. २००८ साली मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये बाहेरून आलेल्या अतिरेक्यांनी यहुदी मारले, तो काळा डाग आपण विसरू शकत नाही. मात्र येथल्या शेजाऱ्यांनी शतकानुशतके शनिवारी बंद असलेल्या घाण्याकडे पाहिले आणि त्याला फक्त एक नाव दिले. घाणा का बंद, हे दरडावून विचारले नाही.

एकाच किनाऱ्यावर, गोव्यात एक यहुदी आपले मूळ लपवत होता आणि अलिबागेत दुसरा उघड्यावर शब्बाथ पाळत होता. फरक त्या दोन यहुद्यांत नव्हता. फरक शेजाऱ्यांत होता.

येथे आजच्या चिंतनाचा गाभा आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम झाडांमागे लपतो आणि देव विचारतो, तू कोठे आहेस? लपलेल्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. चौथ्या अध्यायात देव काइनाला विचारतो, तुझा भाऊ कोठे आहे? हा दुसरा प्रश्न, आणि तो ज्याच्यामुळे भाऊ दिसेनासा झाला त्याला विचारलेला आहे. आपण नेहमी पहिलाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत राहतो : तू का लपलास, खरे का सांगितले नाहीस? तो प्रश्न विचारण्याचा अधिकार देवाचा. आपल्याला विचारलेला प्रश्न दुसरा आहे.

चित्रपट संपल्यावर सगळे पांगले तेव्हा एक आजी मागे राहिल्या. म्हणाल्या, "फादर, त्या पोरानं कागद गाडले. आमच्या पोरांनी दाखल्यावर काय लिहायचं?" जून महिना आहे. शाळा-कॉलेजचे प्रवेश सुरू आहेत, सेतू केंद्रासमोर रांगा आहेत. आजी काय विचारत होत्या ते या मंडळीतल्या बऱ्याच घरांना समजले असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. विहिरीवर, स्मशानात, लग्नाच्या बोलणीत जात सुटत नाही. कागदावर मात्र बाप्तिस्म्याबरोबर ती सुटली असे धरले जाते. या विषयावर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दुसरीकडे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की श्रद्धा एका धर्माची आणि केवळ आरक्षणासाठी दावा दुसऱ्या धर्माचा, ही राज्यघटनेची फसवणूक आहे. या दोहोंच्या मध्ये एक बाप हातात अर्ज घेऊन उभा आहे.

उपमा ताणायची नाही. सेतू केंद्रातला कारकून म्हणजे नाझी शिपाई नव्हे, आणि त्या रांगेत कोणाचा जीव जात नाही. शासनाला अर्जावर खरे उत्तर मिळण्याचा अधिकार आहे, म्हणून खोटे लिहा असे आम्ही कोणालाही सांगू शकत नाही. सांगितले तर या वेदीजवळ उभे राहता येणार नाही. पण आणखी एक गोष्ट आम्ही करणार नाही. धर्मग्रामाची नोंदवही उघडून, कोणाच्या कागदावर काय आहे ते पाहून, त्याला या मंडळीत लाजवणार नाही. ज्या घराने पोराच्या शिक्षणासाठी दोन नावे बाळगली आणि तरी रविवारी मिस्साला यायचे सोडले नाही, त्या घराच्या पोटातली कळ प्रभूला ठाऊक आहे. त्यांना आम्ही एवढेच म्हणतो : आत या, एकटे ओझे वाहू नका, बोला. कायद्यातली विषमता दूर व्हावी म्हणून ख्रिस्तसभा दरवर्षी १० ऑगस्ट हा काळा दिवस पाळते. त्या दिवशी उघडपणे, आपल्या खऱ्या नावाने, सगळे मिळून उभे राहू. एकट्याने लपण्याला उत्तर म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलणे.

आणि खरे विचाराल तर लपणे केवळ कागदावर नसते. जुनी जात कळू नये म्हणून एकाच बाकावर बसायला कचरणारे या मंदिरातही आहेत. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली आपली मुले गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत घालतात. कोणाच्या घरात आजार लपलेला आहे, कोणाच्या घरात कर्ज, कोणाच्या घरात माहेरी परतलेली लेक. आपल्या उसात बिबट्या लपतो आणि माणसे भितात. पण आपल्यातच माणसे लपत असतील तर बिबट्या कोण आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.

सालोमनच्या गोष्टीत दोन माणसे आहेत, त्यांच्यासाठी आम्ही हा चित्रपट दाखवला. एका जर्मन सैनिकाला त्याचे गुपित कळले. त्याने ते कोणाला सांगितले नाही, आणि पुढे तो लढाईत मेला. ब्राउनश्वाइगमध्ये एका मुलीच्या आईनेही त्याला ओळखले. मुलगी हिटलरची कट्टर भक्त होती. आईने मुलीलाही सांगितले नाही. ही दोन तोंडे उघडली असती तर सालोमन जगला नसता. त्या काळी बोलणाऱ्यांनी माणसे मारली आणि या दोघांनी गप्प राहून एक माणूस वाचवला.

काहीजण याहून पुढे गेले. पोलंडमधील मार्कोवा गावचे युझेफ आणि विक्तोरिया उल्मा हे शेतकरी जोडपे. युझेफ फळझाडांची रोपवाटिका आणि मधमाश्या पाळणारा, म्हणजे आपल्या नारायणगाव-ओतूरकडच्या एखाद्या हुशार शेतकऱ्यासारखा. त्यांनी आठ यहुद्यांना घरात लपवले. २४ मार्च १९४४ रोजी जर्मनांनी त्या आठांना, युझेफला, गरोदर विक्तोरियाला आणि त्यांच्या सहा लेकरांना गोळ्या घातल्या. त्यांच्या घरच्या बायबलमध्ये चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याखाली रेघ ओढलेली सापडली. १० सप्टेंबर २०२३ रोजी, पोटातल्या बाळासह, सर्व कुटुंबाला धन्य घोषित करण्यात आले. प्रभू आज म्हणतो, शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका, एक चिमणीही पित्याच्या नकळत पडत नाही. उल्मांनी ते ऐकले. पण पाहा, स्वतःच्या घरात दुसऱ्याला लपवून त्यांनी ख्रिस्ताला लोकांसमोर उघड कबूल केले. लपवणे आणि कबूल करणे येथे एकच झाले.

म्हणून आजच्या शुभवर्तमानातून त्या अकरावीच्या मुलाने आणि आपण सगळ्यांनी एवढे घरी न्यावे. शेवटी सगळे उघड होईल हे खरे. पण ते देवाच्या उजेडात उघड होईल, आणि त्या उजेडात लपलेल्याला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता येईल. तोपर्यंत कोणाचे झाकलेले ओढून काढणे हे आपले काम नव्हे. आपल्यासमोर कोणाला लपावे लागू नये, असे माणूस होणे हे आपले काम.

या आठवड्यात प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, दुसऱ्याच्या घराबद्दल कानावर आलेली एखादी कुजबुज आपल्यापाशीच थांबवावी. दुसरी, ज्याच्या घरी आपण कधी चहा प्यायलो नाही अशा एका घरी जाऊन चहा प्यावा, आणि काहीही विचारू नये.

चित्रपटाच्या शेवटी खरा, म्हातारा सालोमन पेरेल पडद्यावर येतो आणि इब्री भाषेत स्तोत्र १३३ गातो. भावंडांनी एकत्र राहणे किती गोड, असे ते स्तोत्र सांगते. ते आपल्याही प्रार्थनेत आहे. ज्या ओठांनी इतकी वर्षे आपले नाव सांगितले नाही, ते ओठ शेवटी गातात. आपणही प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, मरियेच्या पुत्रा, आठव्या दिवशी तू आपल्या लोकांची खूण अंगावर घेतलीस आणि हेरोदाच्या भीतीने परदेशी लपलास. लपून जगणाऱ्या सर्वांना तुझ्या पंखाखाली घे. कातारीनाला, गार्सियाला आणि आमच्या हातून दुखावलेल्या सर्वांना शांती दे. आमच्या पूर्वजांची आणि आमची क्षमा कर. 'तुझा भाऊ कोठे आहे' असे तू विचारशील तेव्हा, 'प्रभू, तो माझ्या शेजारी बसला आहे' असे म्हणण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.

आपले धर्मगुरू